वर्गणीदारांची वही

एकट्या माणसाने नियतकालिक चालवायला घेतलं की त्याला दोन वह्या घालाव्या लागतात. एक वर्गणीदारांची, दुसरी जाहिरातदारांची. मुखपृष्ठ, मुद्रितं, संपादकीय हे सगळं त्यानंतर. पहिल्या वहीत नाव, पत्ता आणि वर्गणी कोणत्या महिन्यात संपते ते. दुसरीत कोणाचा ब्लॉक आला, कोणाचं बिल थकलं, कोण यंदा ‘बघू’ म्हणाला. मराठी मासिकांच्या इतिहासात लेखकांवर भरपूर लिहिलं गेलंय, या वह्यांवर फारसं कोणी लिहीत नाही. मासिकं मात्र त्यांच्यावरच तरली किंवा बुडाली.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत जवळपास एकहाती चालवलं. विषय संततिनियमनाचा आणि लैंगिक आरोग्याचा. खटले झाले. १९३४ च्या खटल्याचं निमित्त होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड चुकला नाही. धंदा म्हणून ते मासिक कधीच परवडलं नाही. तरीही ते सव्वीस वर्षं टिकलं, कारण कोणाला तरी तो अंक दर महिन्याला हवा होता आणि कर्वे तो पाठवत राहिले. याच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला किर्लोस्करवाडी. १९२० मध्ये तिथे ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते कारखान्याचं पत्र म्हणून. म्हणजे नांगराची जाहिरात आधी आणि मासिक तिच्या पोटातून नंतर. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं घरोघरी वाचलं जाणारं मासिक केलं, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडंही आली. कर्व्यांकडे वाचक होता, जाहिरात फारशी नव्हती. किर्लोस्करांनी जाहिरातीतून वाचक मिळवला. आणि काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून वर्षातून एकदा या दोन्ही वह्या एकाच वेळी उघडायची रीत मराठीत पडली. तुमच्या हातातला हा अंकही त्याच रितीतला. मधली रंगीत पानं उलटताना त्यांचा राग करू नका, कागदाचा खर्च तीच पेलतात.

आता प्रतापनगर. नागपूरच्या नैर्ऋत्येचा हा भाग, पिनकोड ४४००२२, लेआउट आणि प्लॉट नंबरांची वस्ती. इथे बसून मी या परिसरातल्या झाडांवर, आठवडी बाजारांवर, जुन्या दुकानांवर लिहितो आणि ते माझ्या स्वतःच्या जागेवर, इंटरनेटवर छापतो. छापखाना नाही, टपालखर्च नाही, तरी दोन्ही वह्या सुटत नाहीत. फक्त त्यांची नावं बदलली आहेत. पहिलीचं नाव फीड, दुसरीचं अ‍ॅडसेन्स. म्हणजे गूगलची जाहिराती लावणारी सेवा. आणि गंमत अशी की या दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नाही.

फीड म्हणजे काय हे पुष्कळ लिहिणाऱ्यांनासुद्धा माहीत नसतं, कारण ती त्यांच्या नकळत तयार होत असते. वर्डप्रेसवर असाल तर तुमच्या पत्त्यापुढे ‘फीड’ एवढं इंग्रजीत लिहून बघा. ब्लॉगरवर पत्ता थोडा लांब असतो. समोर एक ओबडधोबड फाइल उघडते. वर तुमच्या जागेचं नाव, खाली एकेक लेखाचा कप्पा: शीर्षक, दुवा, तारीख, मजकूर, आणि प्रत्येक लेखाला कायमचा असा एक ओळखक्रमांक. रंग नाही, चित्रांची मांडणी नाही, जाहिरात तर नाहीच. वाचकाने हा पत्ता एकदा आपल्या फीड-रीडरमध्ये टाकला की तो रीडर ठरावीक वेळाने येऊन बघून जातो, नवीन काही असेल तर घेऊन जातो. वर्गणीदाराचं नाव तुम्हाला कळत नाही, त्याला तुमच्याकडे कसलीही नोंद करावी लागत नाही, आणि मध्ये कोणी कंपनी बसलेली नसते. नेटस्केपने मार्च १९९९ मध्ये या फाइलचा पहिला आराखडा आरएसएस या नावाने काढला, २००२ मध्ये आरएसएस २.० आलं, डिसेंबर २००५ मध्ये अ‍ॅटम नावाचं भावंड प्रमाण म्हणून मान्य झालं. मधल्या आरएसएस १.० च्या मसुद्यावर काम करणाऱ्यांत आरन स्वार्ट्झ हा चौदा वर्षांचा मुलगा होता. पुढे माहिती सर्वांना खुली असावी म्हणून तो जे लढला, त्याची सुरुवात या साध्या फाइलपासून झाली असं म्हणायला हरकत नाही.

मराठीला ही फाइल सुरुवातीला पेलली नाही. दोष फाइलचा नव्हता, आपल्या फाँटांचा होता. त्या काळी मराठी वृत्तपत्रांच्या साइट्स आपापल्या फाँटवर चालत. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवायची, असा तो कारभार. पानावर फाँट उतरवून घेतला तर मजकूर दिसे. पण फीड म्हणजे नुसता मजकूर, ती फाँट बरोबर नेत नाही. त्यामुळे रीडरमध्ये अग्रलेखाच्या जागी कंस, डॉलर आणि स्वल्पविरामांची रांगोळी उमटायची. युनिकोड रुळलं तेव्हा कुठे मराठी फीड वाचण्यासारखी झाली. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी होती, पण पुष्कळ संगणकांवर ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागे.

आजही दोन-तीन खोड्या शिल्लक आहेत आणि त्या फक्त आपल्यालाच छळतात. एक तारखेची. पानावर ‘२० ऑक्टोबर’ हौसेने लिहा, पण आरएसएस फीडच्या आत वाराची आणि महिन्याची तीन-तीन इंग्रजी अक्षरंच लागतात, आणि शेवटी, वेळ भारताची असेल तर, अधिक ०५३०. एखाद्या हौशी थीमने तिथेही मराठी तारीख घुसवली तर काही रीडर गोंधळतात आणि लेखांचा क्रम विस्कटतो. दुसरी खोडी पत्त्याची. देवनागरी शीर्षकावरून पत्ता बनवला की प्रत्येक अक्षरचिन्हाचे नऊ इंग्रजी वर्ण होतात, टक्क्याच्या खुणेसकट. ‘प्रतापनगर’ हा एवढासा शब्द, पण त्याची काना-हलंतासह नऊ चिन्हं, म्हणजे एक्क्याऐंशी वर्ण. वर्डप्रेस अशा पत्त्याला दोनशे वर्णांपर्यंत जागा देतं, म्हणजे मराठीची बाविसेक चिन्हं झाली की शीर्षक मध्येच तुटतं. म्हणून लेखाचा पत्ता रोमन लिपीत, छोटा आणि आपल्या हाताने लिहावा. माझ्या मराठी अभिमानाला यात काही इजा होत नाही. पत्ता पोस्टमनसाठी असतो, वाचकासाठी नाही. तिसरी गोष्ट ओळखक्रमांकाची. साइटचं घर बदलताना हे क्रमांक बदलले, तर वाचकाच्या रीडरमध्ये सगळे जुने लेख नवे म्हणून एकदम येऊन आदळतात. श्रावणातला लेख शिमग्याला पुन्हा हजर. असं दोन-तीनदा झालं की वाचक वर्गणी बंद करतो, आणि तेही न सांगता.

आता पुन्हा वहीकडे. २००५ मध्ये गूगल रीडर आलं आणि फीड वाचणं सोपं झालं. मराठीत लिहिणाऱ्यांची ती भरभराटीची वर्षं. मराठीब्लॉग्स डॉट नेटसारख्या ठिकाणी सगळ्यांच्या फीड एकत्र होत, कोणी पुण्याहून, कोणी न्यू जर्सीहून, कोणी नागपूरहून लिहिलेलं एकाखाली एक दिसे. स्टार माझा वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ ही स्पर्धाही घेतली होती. याच काळात लोकांनी आपली फीड फीडबर्नरमधून न्यायला सुरुवात केली. शिकागोच्या या कंपनीची सेवा गोड होती. ती तुमचे वाचक मोजून दाखवायची, आणि तो आकडा पानावर बिल्ल्यासारखा लावता यायचा. ज्याला रीडरची भानगड नको त्याला ती लेख ईमेलने पाठवायची. २००७ मध्ये गूगलने ती विकत घेतली. वाचकाकडे मात्र आता तुमचा पत्ता नव्हता, फीडबर्नरचा होता. वही दुसऱ्याच्या कपाटात गेली होती, किल्लीसह.

पुढे काय झालं ते तारखांतच सांगतो. फीडमध्ये जाहिराती घालण्याची गूगलची सोय ऑक्टोबर २०१२ पासून गुंडाळायला घेतली. मार्च २०१३ मध्ये रीडर बंद होणार असं जाहीर झालं, वापर घटल्याचं कारण देऊन, आणि १ जुलै २०१३ ला तो बंद झाला. जुलै २०२१ मध्ये फीडबर्नरची ईमेल-सेवाही थांबली. ज्यांनी यादी वेळीच उतरवून घेतली त्यांचे वर्गणीदार वाचले. बाकीच्यांचे विखुरले. त्याआधीच बरेच लिहिणारे फेसबुकवर गेले होते, जिथे वर्गणीदार तुमचे की त्यांचे हा प्रश्न विचारायचीही सोय नाही.

फीड मेली असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. तुम्ही सकाळी फिरायला जाताना कानाला लावता तो मराठी पॉडकास्ट बहुधा फीडवरूनच तुमच्या फोनमध्ये उतरतो. त्यात मजकुराऐवजी ध्वनिफितीचा दुवा असतो, एवढाच फरक.

भांडण खरं सुरू होतं ते जाहिरातीपाशी. वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये एक छोटा प्रश्न असतो: फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यायचा की सारांश? ब्लॉगरवरही तोच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत. पूर्ण दिला तर वाचक त्याच्या रीडरमध्येच लेख वाचून मोकळा होतो, तुमच्या पानावर येतच नाही, आणि जाहिरात तर पानावर. सारांश दिला तर पंचावन्न शब्दांवर वाक्य कापलं जातं, पुढे तीन टिंबं, आणि उरलेलं वाचायला या बाबा आमच्या दारी. एकट्याने लिहिणाऱ्याची सगळी नीती या एका खिडकीत उघडी पडते.

पहिल्या पर्यायाला आणखी एक धोका आहे. पूर्ण फीड म्हणजे चोराला तयार ताट. असे कार्यक्रम असतात जे दुसऱ्याची फीड आपोआप उचलून आपल्या साइटवर ओततात आणि भोवती जाहिराती लावतात. तुमचा बुधवारी लिहिलेला लेख बुधवारीच दुसऱ्याच्या नावावर. यावर जालीम उपाय नाही, पण फीडच्या प्रत्येक लेखाखाली ‘मूळ लेख इथे’ अशी दुव्यासह ओळ घालता येते. चोर आंधळेपणाने तीही उचलतो. तरीही माझं मत पूर्ण फीडच्या बाजूचं आहे. जो माणूस फीडचा पत्ता शोधून, रीडरमध्ये टाकून, महिनोन्‌महिने तुम्हाला वाचतो, त्याला अर्धा लेख देऊन दारापर्यंत चालवणं हे वर्गणी भरलेल्या माणसाला फाटका अंक पाठवण्यासारखं आहे. जाहिरात दाखवायचीच तर ती वाटेने येणाऱ्याला दाखवावी, शोधयंत्रातून आलेल्याला. तोच बहुधा कर्ज, शिकवणी किंवा तिकीट शोधत असतो.

वाटेच्या वाचकाला दाखवायची ती जाहिरात मराठीला मिळायला उशीर लागला. अ‍ॅडसेन्स जून २००३ मध्ये सुरू झालं. त्याची पद्धत अशी की यंत्र तुमचं पान वाचतं, विषय ओळखतं आणि त्यावर जाहिरातदारांचा लिलाव लावतं. ज्या भाषेतलं पान यंत्राला वाचता येत नाही, त्या भाषेला दरवाजा बंद. हिंदीला तो डिसेंबर २०१४ मध्ये उघडला. मग बंगाली, तामीळ, तेलुगू. मराठीचा नंबर लागला २०१८ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षं मराठीत लिहिणारा माणूस जाहिरातीच्या बाजारात अदृश्य होता. मधल्या काळात लोकांनी पळवाट काढली होती: एखादी इंग्रजी साइट दाखवून खातं मंजूर करून घ्यायचं आणि तिचा कोड मराठी पानावर चिकटवायचा. नियमात हे बसत नव्हतं, आणि पकडलं गेलं की खातं जमा रकमेसकट जायचं. भारतीय भाषांत इंटरनेट वापरणारे २०१६ मध्येच २३.४ कोटी होते आणि इंग्रजीत वापरणारे १७.५ कोटी, असं केपीएमजी आणि गूगलचाच २०१७ चा अहवाल सांगतो. ग्राहक होते, दुकानाला पाटी नव्हती.

दरवाजा उघडला म्हणून घरात लक्ष्मी नांदली असं नाही. खात्यात दहा डॉलर झाले की पत्ता खरा आहे का हे तपासायला साध्या टपालाने एक कार्ड येतं, आत सहा आकडी क्रमांक. तो चार महिन्यांत नोंदवला नाही तर जाहिराती थांबतात. इथे नागपूरच्या पत्त्याची परीक्षा होते. प्लॉट नंबर, लेआउट, हनुमान मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, असा आपला पत्ता फॉर्मच्या चौकटीत मावत नाही, आणि मंदिर गाळलं की कार्ड भरकटायची भीती. मी प्लॉट नंबर गाळला आणि मंदिर ठेवलं. कार्ड आलं. पैसे हातात पडायला शंभर डॉलर व्हावे लागतात. हजार वाचनांमागे अर्धा डॉलर धरून चाला, म्हणजे शंभरासाठी दोन लाख वाचनं. आठवडी बाजारातल्या मोहफुलांवर लिहिणाऱ्याने हे गणित एकदा कागदावर मांडावं आणि शांतपणे चहा प्यावा.

बरं, एवढ्यासाठी काय काय सोसायचं? स्वयंचलित जाहिराती चालू ठेवल्या तर यंत्र परिच्छेदांच्या मध्ये जागा शोधून काढतं. गेलेल्या माणसावरच्या लेखात तिसऱ्या परिच्छेदानंतर झटपट कर्जाचं अ‍ॅप येऊन बसतं, चौथ्यानंतर वशीकरणवाले बाबा. हे थांबवता येतं. सेटिंगमध्ये जाहिरातींचे वर्ग बंद करता येतात: जुगार, ज्योतिष, लवकर श्रीमंत करणाऱ्या योजना. एखाद्या पानावर जाहिरात नकोच असंही सांगता येतं. पण हे कोणी आपणहून करत नाही, आणि वाचक समजतो की बाबांना तुम्हीच बोलावलंय. आणखी एक बारीक फाइल आहे, अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी नावाची, २०१७ पासून रुळलेली. ‘माझ्या पानावरची जागा विकायचा हक्क अमक्यालाच आहे’ असं तिच्यात एका ओळीत लिहून ठेवायचं. नसली तर कमाईला कात्री लागू शकते. आणि स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः टिचकी मारायची नाही, घरच्यांनाही सांगून ठेवायचं. प्रेमळ मावशीने ‘तुझ्यासाठी रोज क्लिक करते गं’ म्हणत टिचक्या मारल्याने खातं बंद पडल्याच्या कथा या धंद्यात पुष्कळ ऐकू येतात.

यातून वाट काढणारा एक माणूस फिलाडेल्फियात आहे. जॉन ग्रुबर २००२ पासून ‘डेअरिंग फायरबॉल’ ही साइट एकट्याने चालवतो आणि २००६ पासून पूर्णवेळ. आधी त्याची पूर्ण फीड फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळे. पुढच्याच वर्षी त्याने ती सगळ्यांना खुली केली आणि फीडचाच प्रायोजक विकायला काढला. आठवड्याला एक. सोमवारी त्याच्या नावाची एक नोंद फीडमध्ये येते, तो प्रायोजक आहे असं स्पष्ट लिहून, आणि आठवड्याच्या शेवटी ग्रुबर स्वतःच्या शब्दांत आभार मानतो. लिलाव नाही, माग काढणं नाही, लेखाच्या पोटात काही घुसवणं नाही. पूर्ण लेख आणि जाहिरात यांचं भांडण त्याने असं मिटवलं की जाहिरात फीडमध्येच बसवली, माणसासारखी ओळख करून देऊन. आपल्या दिवाळी अंकांतलं ‘सौजन्य’ यापेक्षा काय वेगळं असतं?

हा प्रयोग प्रतापनगरात जमेल का, हे बघायला मी आमच्याच भागातल्या एका खानावळवाल्या भाऊंकडे गेलो. व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था इथून फार लांब नाही, शिकवणीवर्ग आणि खोल्या करून राहणारी पोरं भरपूर, त्यामुळे डबे आणि खानावळी चालतात. भाऊंची जाहिरात विजेच्या खांबावर असते: वर ‘घरगुती जेवण’, खाली नंबर फाडून न्यायच्या कागदी पट्ट्या. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमच्या त्या नेटवर टाकून कोण पाहून राह्यलं, मले कसं समजन? खंब्यावरच्या पट्ट्या तं मी सकाळी मोजतो.”

जाहिरातशास्त्राची मोठाली पुस्तकं याच प्रश्नावर आहेत. माझ्याकडे उत्तर होतं, पण थोडं अवघड: फीड किती जण नेतात हे नक्की मोजता येत नाही, कारण एक रीडर हजार जणांसाठी एकदाच येऊन जातो. ईमेलची यादी मात्र माझ्याकडे आहे, माझ्याच संगणकावर, ज्यांनी आपणहून पत्ता दिला त्यांची. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानंतर ती जपून ठेवणं ही नुसती सभ्यता राहिलेली नाही. यादीतले नागपूरचे किती हेही अंदाजे सांगता येतं. आणि पट्टी मोजायची सवय त्यांना आहेच, तर लेखाखाली एक शब्द देऊ, जो सांगितला की पहिल्या दिवशी ताक फुकट. शब्द किती जणांनी उच्चारला तेवढे मोजायचे. भाऊंना हे पटलं.

अटी मी घातल्या. नोंदीवर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक असेल. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं ऑनलाइन लिहिणाऱ्यांकडून हेच मागतात, पण ती नसती तरी मी लिहिलं असतं. जेवणावर मी लेख लिहिणार नाही, चांगला किंवा वाईट. महिन्याला एकच नोंद, लेखाच्या आत काही नाही. त्यांची अट एकच होती, लेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तरी नोंद त्याच्यासोबत राहिली पाहिजे.

तिथे मी हात टेकले. व्हॉट्सअ‍ॅप हा नागपूरचा आजचा खरा फीड-रीडर आहे आणि त्यात लेखकाचं नावसुद्धा टिकत नाही, तर ताकाची काय कथा. सकाळी लिहिलेला मजकूर संध्याकाळी ‘लेखक अज्ञात, आवडला म्हणून पाठवला’ होऊन लेखकाच्याच सासरच्या ग्रुपवर येतो. ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची, आणि ज्याने तुमचा नंबर साठवलाय त्यालाच तिचा निरोप मिळतो. मी तिथे पूर्ण लेख टाकत नाही, शीर्षक आणि दुवा एवढाच टाकतो. म्हणजे फीडवर ज्याला मी फाटका अंक म्हटलं तेच इथे करतो. फरक असा की फीडचा वाचक लेख पुढे ढकलताना त्याला लेखकापासून तोडत नाही.

भाऊंना हे सगळं सांगितलं. त्यांनी वही काढली, खानावळीची, महिन्याच्या मेंबरांची. प्रत्येक पोराचं नाव, गाव, कधीपासून आला, पैसे कधी दिले, सुट्टीत किती दिवस खाडा. माझ्या यादीपेक्षा कितीतरी नीट. रक्कम ठरली, हजाराच्या आतली, रोख, लिलावाशिवाय. मी म्हटलं, दिवाळीच्या लेखापासून सुरू करू, तेव्हा वाचक जास्त असतात.

“दिवाळीत काऊन?” ते म्हणाले. “पोरं घरी जातेत ना. जुलैत टाका, अ‍ॅडमिशन झाल्यावर.”